पाणी सुटले, जीभ घसरली : एका लेखसंग्रहाची प्रस्तावना

१२ मे १८७५ रोजी, भर बाजाराच्या दिवशी, सुप्यातले आणि आसपासचे कुणबी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. जमावाला हवी होती ती गहाणखते, कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. ती हाती लागली की बाहेर आणून जाळायची, हा बेत. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हेच घडले आणि माणसांना झालेली इजा त्या मानाने फारच थोडी होती. सरकारने चौकशी आयोग नेमला, जाडजूड अहवाल निघाला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. आणि या सगळ्या प्रकरणाला नाव पडले ते ‘दख्खनचे दंगे’.

माणसे नेमका कागद शोधून जाळतात, इतर फारशा कशाला हात लावत नाहीत, याला दंगा म्हणायचे की आणखी काही, हा प्रश्न त्या नावाने मिटवून टाकला. नाव सरकारी फायलीतून निघाले, वर्तमानपत्रांत गेले, पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. अलीकडे ‘उठाव’ असेही लिहिले जाते, पण परीक्षेत विचारतात ते दंगेच. सुप्याचा मुलगा आपल्या खापरपणजोबांविषयी शिकतो तेही फौजदारी कचेरीने दिलेल्या मथळ्याखाली. रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात हीच गोष्ट साऱ्या हिंदुस्थानच्या कागदपत्रांविषयी दाखवली. बंड मोडणाऱ्याने लिहिलेला पहिला रिपोर्ट पुढच्या इतिहासकाराच्या वाक्यात शिरतो, आणि तो इतिहासकार रयतेच्या बाजूचा असला तरी शिरतो. वार्ताहराचे तर विचारूच नका. त्याच्या हाती पहिला कागद येतो तो कचेरीचाच.

प्रसारमाध्यमांतल्या वैचारिक भाषेचा अभ्यास सहसा मुंबई-पुण्याच्या अग्रलेखांवर किंवा दिल्लीच्या वाहिन्यांवर होतो. हा संग्रह बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांपुरता थांबतो. त्याला कारण आहे. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात जी नवी जमीनमोजणी आणि साराआकारणी आणली, तिची सुरुवातच इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे तिचे कर्ते. तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरआकारणीही १८६७ मध्ये आधी इंदापुरातच झाली आणि सारा चांगलाच वाढला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने पुढे या वाढीविरुद्ध आवाज उठवला. जिरायत, बागायत, आकार, पोटखराबा हे शब्द बरेचसे जुनेच, पण त्यांना रकाने मिळाले ते या मोजणीत. माणूस, जमीन आणि पाणी यांच्याविषयी अधिकृतपणे कसे बोलायचे, याचे वळण या भागाला फार आधी लागले. इथल्या बातमीतली विचारसरणी शोधायची तर पक्षांच्या जाहीरनाम्यांआधी हे दफ्तर उघडावे लागते, असे आमचे म्हणणे आहे. गोरा साहेब गेला, खुर्चीवर आपला माणूस आला, टिपणीची भाषा मात्र तशीच राहिली आणि तालुक्याच्या बातमीदाराने ती उचलली.

नव्या वाचकासाठी आधी थोडे मागचे.

वैचारिक भाषा म्हटले की आपल्याला घोषणा आठवतात. घोषणेचा फार धोका नसतो. ती ऐकू येते, तिच्याशी भांडता येते. ज्या वाक्याशी भांडावे असे मनातही येत नाही, त्या वाक्यात विचारसरणी मुरलेली असते. मराठी वृत्तपत्रांना हे ज्ञान परदेशातून आयात करावे लागले, असे मुळीच नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले ते इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषांत. एकाच पानावर राज्यकर्त्याशी आणि देशबांधवांशी बोलायचे, ही कसरत पहिल्या अंकापासूनची. पुढे मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला तयार करवून घेऊ लागले. आपण लिहिलेली ओळ सरकारी भाषांतरकाराच्या टेबलावर जाणार, हे संपादकाला ठाऊक असे. टिळकांवरच्या १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ‘केसरी’तल्या मराठी मजकुराच्या इंग्रजी भाषांतरावरच वकिलांनी घासाघीस केली. आडून बोलण्याची, पुराणातला किंवा शिवकाळातला दाखला देऊन आजचे सुचवण्याची मराठी अग्रलेखाची सवय त्या पाळतीत घडली. पाळत उठली, सवय राहिली.

दुसरी धारा फुल्यांची. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. त्याआधी १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढले, ते पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवले. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ सुरू केले आणि पुढे ते नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून चालवले. खेड्यात बसून पत्र चालवणे म्हणजे काय, हे ज्याने आजच्या तालुक्याच्या वार्ताहराची धावपळ पाहिली आहे त्यालाच कळेल. या मंडळींनी ‘आपण’ हा शब्द कोण उच्चारतो आणि त्यात कोण मावत नाही, हे वाचकाला दाखवून दिले. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ १९२० मध्ये निघाले, तेव्हा पैसे देऊन छापायची जाहिरातही ‘केसरी’ने घेतली नव्हती, अशी नोंद त्यांनी पुढे केली. राष्ट्राच्या नावाने बोलणाऱ्या भाषेत कोणाला जागा नाही, हे या एका नकाराइतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल.

बाहेरच्या जगात या अभ्यासाच्या तीनचार शाखा झाल्या. सत्ता दंडुक्याने जितकी चालते तितकीच संमतीने चालते, हे ग्राम्शीने तुरुंगात लिहिले. रोज समोर दिसणारी साधी गोष्ट स्वयंसिद्ध सत्य कशी बनते, हे रोलाँ बार्थने १९५७ मध्ये फ्रेंच मासिकांची मुखपृष्ठे, कुस्ती आणि साबणाच्या जाहिराती घेऊन दाखवले. जमैकात वाढलेल्या स्टुअर्ट हॉलने सत्तरच्या दशकात वेगळा मुद्दा मांडला. बातमी ज्या अर्थाने रचली जाते त्याच अर्थाने वाचली जाईल याची खात्री नसते. वाचक मान्य करतो, घासाघीस करतो किंवा सरळ उलटा अर्थ लावतो. इंदापूरच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर पेपर मोठ्याने वाचला जातो तेव्हा तिन्ही प्रकार पाच मिनिटांत ऐकायला मिळतात. वसाहतींतून आलेल्यांमध्ये फ्रान्झ फॅनन महत्त्वाचा. परक्यांचा आवाज म्हणून अल्जीरियातल्या घरांनी दूर ठेवलेला रेडिओ स्वातंत्र्ययुद्धात त्याच घरांचा कसा झाला, हे त्याने १९५९ मध्ये लिहिले. केनियाच्या न्गुगी वा थिओंगोने १९८६ मध्ये मनावरच्या वसाहतीचा प्रश्न भाषेशी नेऊन भिडवला. हर्मन आणि चॉम्स्की यांचे १९८८ चे पुस्तक आपल्याकडे सर्वांत जास्त उद्धृत होते. मला मात्र ते या दोन तालुक्यांत फारसे कामाचे वाटत नाही. मालक कोण, जाहिरातदार कोण, हे त्यांनी सांगितलेले प्रश्न योग्यच. पण ज्या वार्ताहराला मालकाने आयुष्यात फोन केलेला नाही तोही तेच वाक्य का लिहितो, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

ते उत्तर जवळ आणतात रॉजर फाउलर, हॉज, क्रेस आणि टोनी ट्रू हे इंग्लंडमधले भाषाभ्यासक. १९७९ मध्ये त्यांनी मिळून एक पुस्तक काढले. त्यात ट्रूने ऱ्होडेशियातल्या सॉल्झबरी शहरात जून १९७५ मध्ये झालेल्या पोलीस गोळीबाराच्या लंडनच्या दैनिकांतल्या बातम्या तपासल्या. एका दैनिकाच्या मथळ्यात गोळ्या झाडणारे पोलीस पहिले आले, दुसऱ्याच्या मथळ्यात दंगल करणारे काळे लोक पहिले आले. पुढच्या दोनतीन दिवसांत पोलीस वाक्यातून हळूहळू गळालेच. उरली ती दंगल आणि मृतांचा आकडा. कर्ता कोण, कर्म कोण, कोणाला वाक्यात जागा मिळाली, एवढेच विचारत जायचे, ही ट्रूची रीत. नॉर्मन फेअरक्लॉ आणि त्यानंतरच्यांनी ती वाढवली, शिस्तीची केली, आणि थोडी जडही केली.

या रीतीची मराठीत जशीच्या तशी नक्कल मात्र चालत नाही. इंग्रजीचा अभ्यासक कर्मणी वाक्य दिसले की सावध होतो, कारण तिथे कर्ता लपवायला तेच हत्यार आहे. मराठीत ‘पाटबंधारे खात्याने पाणी सोडले’ हे वाक्य व्याकरणाने कर्मणीच, आणि त्यात लपलेले काही नाही. मराठी बातमी कर्ता लपवते ती अकर्मक क्रियापदाने. सोडले-सुटले, तोडले-तुटले, फोडले-फुटले, जाळले-जळले, पाडले-पडले अशा जोड्यांतले दुसरे रूप घेतले की करणारा आपोआप नाहीसा होतो, आणि वाक्य तर अस्सल, घरगुती मराठी राहते. कोणालाही खटकत नाही. ‘नीरा डाव्या कालव्याचे उन्हाळी आवर्तन सुटले.’ कोणी सोडले, किती दिवस उशिरा, कोणाच्या सांगण्यावरून, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत कोण बोलले आणि कोण गप्प बसले, हे सगळे त्या ‘सुटले’ने गिळले. मग महिन्याने बातमी येते की टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोहोचले नाही आणि ऊस जळाला. पाणी आपणच सुटले, आपणच पोहोचले नाही, ऊसही आपणच जळाला.

शेतकरी संघटनेने १९८० च्या सुमारास चाकणच्या कांदा आंदोलनापासून जी मांडणी केली, तिचा गाभा या जोडीतच होता. भाव पडतात हे खोटे, ते धोरणाने पाडले जातात, असे शरद जोशी सांगत होते. त्यांच्या अर्थशास्त्राशी मतभेद असू शकतात, माझे आहेत. पण बाजारभावाच्या कोपऱ्यातले एक क्रियापद बदलून मागणारी ही चळवळ भाषेच्या अभ्यासकांच्या नजरेतून सुटली, याचे आश्चर्य वाटते. बाजारभावाच्या बातमीत भाव आजही पडतातच.

कर्ता सगळीकडे गळतो असे मात्र नाही. तालुक्याच्या पानावर दुसरे एक वाक्य रोज असते. रस्त्यासाठी, साकवासाठी, सभामंडपासाठी इतक्या कोटींचा निधी अमुक साहेबांनी ‘खेचून आणला’, तमुक दादांच्या ‘प्रयत्नांना यश’, वर्षानुवर्षे रखडलेला प्रश्न ‘मार्गी’. इथे कर्ता पूर्ण नावानिशी, पदासकट, फोटोसह हजर. लाभाच्या वाक्यात कर्ता असतो, हानीच्या वाक्यात नसतो. संग्रहातल्या बहुतेक लेखकांना हा नियम वेगवेगळ्या वाटांनी सापडला आहे, आणि तो कोणत्या एका पक्षाचा नाही. सत्ता बदलली की फक्त नावे बदलतात. खेचून आणायचे म्हणजे पैसा कोणाच्या तरी दुसऱ्याच्या घरचा आहे आणि ताकदवान माणूस तो आपल्या अंगणात ओढतो, ही समजूत त्यात आलीच. ‘मायबाप सरकार’ हे वसाहतकाळातल्या अर्जाचे संबोधन होते. खेचून आणणारा नेता हा त्याच अर्जाचा नवा पत्ता आहे.

पाण्याच्या बातम्यांवर या संग्रहाने सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत, आणि त्यातही उजनीवर. भीमेवरच्या या धरणाची साठवण सुमारे ११७ टीएमसी. भिंत सोलापूर जिल्ह्यात, फुगवट्याखाली गेलेली कितीतरी गावे इंदापूरची. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर अजून वर येते आणि छायाचित्रकार तिकडे धावतात. एप्रिल २०१३ मध्ये, दुष्काळात, उजनीत पाणी सोडावे म्हणून मोहोळ तालुक्यातला एक शेतकरी कार्यकर्ता मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता. त्याच्यासंबंधी आणि भारनियमनासंबंधी तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या निंबोडीच्या सभेत जे बोलले ते राज्यभर गाजले. त्यांनी जाहीर माफी मागितली आणि १४ एप्रिलला कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. त्या पंधरवड्याच्या बातम्या आज एकत्र वाचल्या की लक्षात येते, हा सगळा मजकूर जिभेविषयी आहे. जीभ ‘घसरली’, वक्तव्य ‘वादग्रस्त’ ठरले, विरोधक ‘आक्रमक’ झाले. घसरलेली जीभ हाही अकर्मक प्रयोगच. विरोधी वृत्तपत्रांनी झोड उठवली तीही जिभेवरच. वरच्या धरणांत किती पाणी होते, उजनीत किती सोडता आले असते, निर्णय कोणाच्या सहीने अडला, हा उपोषणकर्त्याचा मूळ प्रश्न दोन्ही बाजूंच्या पानांवरून गेला.

आठ वर्षांनी तेच पाणी परत आले. इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे तेव्हा सोलापूरचे पालकमंत्री होते. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून पाच टीएमसी पाणी इंदापूरला देण्याचा आदेश निघाला. या पाण्याला सरकारी कागदाने नाव दिले ‘सांडपाणी’: पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडून नदीत येणारे, म्हणजे धरणाच्या वाटपात नसलेले. सोलापूरच्या बातम्यांत ते ‘पळवलेले पाणी’ झाले. इंदापूरच्या बातम्यांत तेच ‘हक्काचे पाणी’ होते, कारण धरणासाठी जमीन गेली ती इथली. एकच पाणी, तीन नावे, आणि प्रत्येक नावात मालकीचा निकाल आधीच लागलेला. मे महिन्यात आदेश रद्द झाला. पुढच्या वर्षी लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला मान्यता मिळाली तेव्हा हीच भांडणे पुन्हा पेटली. तेच निंबोडी. सांडपाणी हा शब्द ज्याने शोधला त्याची कमाल आहे. शेतीला गटाराचे पाणी नको अशी तक्रारही त्यावर कोणाला करता येईना, कारण तसे म्हटले की पाणी हातचे जायचे.

दुष्काळाचे तर शब्दांवाचून चालतच नाही. राज्य सरकारने वर्षानुवर्षे ‘टंचाईसदृश’ आणि ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर केली. दुष्काळ म्हटले की सवलती आणि जबाबदारी अंगावर येते, ‘सदृश’ने ती थोडी लांब राहते. मे २०१६ मध्ये, प्रकरण उच्च न्यायालयात असताना, सरकारला २९ हजारांहून अधिक गावांपुरता दुष्काळ हा शब्द वापरावा लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. त्यानंतर उरलेल्या अनेक महसूल मंडळांच्या वाट्याला पुन्हा ‘सदृश’ आले. वृत्तपत्रांनी हे शब्द अवतरणचिन्हांशिवाय छापले. विहीर आटली आहे हे वार्ताहराला घराबाहेर पडले की दिसते, तरी मथळ्यात तो ‘सदृश’ लिहितो, कारण प्रेसनोटमध्ये तसे आहे.

मग ‘बारामती’ या नावाचेच काय होते ते पाहा. राजकीय बातमीत बारामती हे गाव नाही, तालुकाही नाही. ते एका कुटुंबाचे टोपणनाव आहे. जून २०१९ मध्ये नीरा-देवघरचे पाणी डाव्या कालव्यातून उजव्या कालव्याकडे, फलटण-माळशिरसच्या बाजूला वळवण्याचा निर्णय झाला, तेव्हा बातम्यांचा सूर असा होता की पाणी जणू पवारांच्या घरचे तुटले. कालव्यावर शेती असलेला इंदापूरचा शेवटच्या टोकाचा शेतकरी त्या मथळ्यात कुठेच नव्हता. आणि खुद्द बारामती तालुक्याचा जिरायती भाग, म्हणजे सुपे, मोरगावकडची गावे, ज्यांच्यापर्यंत नीरेचा कालवा जातच नाही, जी जनाई-शिरसाई योजनेच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसतात, ती तर ‘बारामती पॅटर्न’ या शब्दानेच झाकून टाकली. पॅटर्नचे कौतुक करणारे आणि पॅटर्नवर तुटून पडणारे, दोघांनाही बागायती बारामतीच दिसते.

जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि पुढच्या वर्षी लोकसभेला सुप्रिया सुळे व सुनेत्रा पवार समोरासमोर आल्या. त्यानंतरची भाषा काका-पुतणे, नणंद-भावजय, साहेब, दादा, ताई, वहिनी अशी. ही नाती खरी आहेत आणि गावोगाव लोकही अशीच बोलतात, म्हणून वार्ताहराला दोष देणे सोपे नाही. पण पक्षफूट ही भाऊबंदकी म्हणून सांगितली की तिचा न्याय चावडीवर, घरातल्या थोरामोठ्यांच्या मानापमानात होतो. मतदार साक्षीदार म्हणून उरतो. इथे मालकीचा प्रश्नही येतो. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये सुरू केलेला ‘सकाळ’ १९८५ पासून प्रतापराव पवारांकडे आहे, ते शरद पवारांचे बंधू. त्याच समूहाचे ‘अ‍ॅग्रोवन’ २००५ पासूनचे. एवढ्यावरून सगळे सांगून झाले असे काही वाचकांना वाटेल. आम्ही वेगवेगळ्या मालकांची पाने शेजारीशेजारी ठेवून पाहिली. नेता चांगला की वाईट यावर ती भांडतात, क्रियापदांवर एकमत असते.

आकाशवाणीची शाखा वेगळी. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओ-श्रवणमंडळांचा प्रयोग केला. लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा आणि त्यावर चर्चा करायची. नव्या देशाची माध्यमांविषयीची उमेद त्यात होती. पण त्याच विकासभाषेने ‘प्रगतिशील शेतकरी’ घडवला, आणि तो घडवला की उरलेले आपोआप मागासलेले ठरले. आज बारामतीत वसुंधरा वाहिनी आणि शारदा कृषी वाहिनी ही सामुदायिक रेडिओ केंद्रे आहेत. त्यांवरची भाषा बरीच मोकळी आहे, बाया-माणसे आपल्या बोलीत बोलतात. तरी तज्ज्ञ सांगणार आणि शेतकरी ऐकणार, ही जुनी बैठक पूर्ण मोडलेली नाही. फुल्यांचा बळीराजा, ज्याच्या राज्याची आठवण ही एका व्यवस्थेविरुद्धची तक्रार होती, तो आता पावसाच्या बातमीत ‘सुखावतो’ आणि गारपिटीच्या बातमीत ‘हवालदिल’ होतो. याहून जास्त काही करायची त्याला मुभा नाही. केलेच, तर नोव्हेंबर २०१२ सारखे होते. ऊसदरासाठी आंदोलन झाले, राजू शेट्टींना इंदापुरात अटक झाली, आणि बातम्यांत आंदोलन ‘चिघळले’, त्याला हिंसक ‘वळण लागले’. रस्त्यावर उतरला की बळीराजाचा जमाव होतो.

हिवाळ्यात इंदापूरच्या पानांवर दोन पाहुण्यांच्या बातम्या लागतात. भिगवणच्या पाणवठ्यावर रोहित पक्षी दाखल, आणि कारखान्यांच्या तळांवर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दाखल. पहिल्यांना ‘परदेशी पाहुणे’ म्हणतात.

हे सगळे आजच का लिहायचे? तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो किंवा नावापुरता असतो. तोच जाहिराती गोळा करतो, वाढदिवसाच्या पुरवण्या काढतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचे प्रकरण पी. साईनाथ यांनी उघडकीला आणले. एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत वेगवेगळ्या नावांनी आला होता. त्यावर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने अहवाल केला. विकलेली बातमी निदान पकडता येते. आता तीच बातमी यूट्यूबच्या स्थानिक वाहिन्यांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर फुकट फिरते. तिथे संपादक नाही, उपसंपादकही नाही. सगळ्यांना वाटले होते की हातोहाती मोबाइल आला की लोक आपल्या भाषेत बोलतील. काही प्रमाणात बोललेही. टेलच्या गावांतली पोरे कोरड्या चारीत उभी राहून चित्रफिती टाकतात आणि शाखा अभियंत्याचे नाव घेऊन विचारतात. पण गटांवर जास्त फिरतो तो प्रेसनोटचाच मजकूर, फोटो आणि सनईसह.

या संग्रहाने कोण पक्षपाती याचा निवाडा केलेला नाही. तो वाचकांनी केव्हाच केलेला असतो. चित्रपट, मालिका, जाहिराती आम्ही हेतुपूर्वक बाहेर ठेवल्या. इंग्रजी वृत्तपत्रांतली बारामतीची प्रतिमा फक्त एका लेखात येते. काही लेख भाषाविज्ञानाच्या अंगाने जातात, काही निव्वळ बातमीदारीच्या, आणि दोन लेखकांचे एकमेकांशी पटत नाही, ते तसेच राहू दिले आहे. पाटकरी, ग्रामसेवक, कारखान्याचे चिटबॉय आणि वार्ताहर यांच्याशी झालेली संभाषणे ज्या बोलीत झाली त्या बोलीतच छापली आहेत.

धनगर आरक्षणावरचा लेख अखेरीस ठेवला आहे, कारण ते प्रकरण संपलेले नाही. जुलै २०१४ मध्ये बारामतीत उपोषण झाले आणि तिथेच भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष देवेंद्र फडणवीस यांनी आरक्षणाचे आश्वासन दिले. वादाचे मूळ अनुसूचित जमातींच्या यादीतल्या ‘ओरांव, धनगड’ या नोंदीत आहे. धनगड म्हणजे धनगरच, इंग्रजी लिपीतून येताना शेवटचे अक्षर बदलले, असे मागणी करणारे म्हणतात. आदिवासी संघटनांना ते मुळीच मान्य नाही. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ही मागणी करणाऱ्या याचिका फेटाळल्या. या दहा वर्षांच्या बातम्यांत एका बाजूचा नेहमी ‘एल्गार’ होतो आणि दुसऱ्या बाजूचा ‘विरोध’. यादी कोणी केली, कोणत्या कचेरीत, कोणत्या लिपीत, हा प्रश्न ज्या थोड्या बातम्यांनी विचारला, त्या या लेखात पूर्ण छापल्या आहेत.